मूळ स्प्रिंगा परत घातल्या, तरी एमएक्स-५ मूळ उंचीवर का येत नाही?

खाली घेतलेली गाडी पुन्हा कंपनीच्या उंचीवर आणायची म्हणून मालक मूळ स्प्रिंगा शोधून आणतो, शनिवार-रविवार खपून त्या बसवतो. गाडी जॅकवरून उतरते आणि काहीतरी बिनसलेले दिसते. कधी चारही कोपरे नको इतके उंच. कधी स्प्रिंगा मूळच्या असूनही गाडी अजून खालीच बसलेली. कधी उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर वर. थोड्या दिवसांत टायरची एक कड गुळगुळीत होते, खड्ड्यात गाडी टणक आपटते, आणि दोष स्प्रिंगांवर जातो. दुसरा संच मागवला जातो. तो घातला तरी चित्र तेच राहते.

हे मी माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांपुरते लिहितो आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात दाखवलेली ती ‘एनए’, आणि तिच्यानंतर २००५ पर्यंत बनत राहिली ती ‘एनबी’. दोन आसने, टनाच्या आसपास वजन, मागच्या चाकांना ताकद आणि चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक धरणारे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. पण ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात राहून स्वतः पाना हातात धरायची हौस असलेल्या माणसाला परवडणारी पहिली स्पोर्ट्स कार बऱ्याचदा हीच असते. ब्रिटनमध्ये तर जपानहून वापरलेल्या आलेल्या ‘युनोस रोडस्टर’ पुष्कळ आहेत. नाव वेगळे, गाडी हीच. जपानच्या ‘शाकेन’ तपासणीला जमिनीपासून किमान ९ सेंटीमीटर अंतर लागते. तेवढे राखून तिकडेच खाली घेतलेली गाडी विकत घेतली, तर मूळ स्प्रिंगा सोबत मिळतीलच असे नाही आणि मूळ उंची किती होती हेही कुणी लिहून ठेवलेले नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: उंची एकट्या स्प्रिंगेवर ठरत नाही. आर्म गाडीच्या शरीराला जिथे जोडलेले असतात, तिथल्या बुशांतले (रबरी सांध्यांतले) रबर कोणत्या स्थितीत आवळले गेले, यावरही ती ठरते. स्प्रिंगा बदलताना त्या बुशांचे बोल्ट जसेच्या तसे राहिले, किंवा चाके हवेत लोंबत असताना आवळले गेले, तर कितीही महागाच्या स्प्रिंगा आणल्या तरी गाडी नीट बसणार नाही.

आधी मोजमाप खरे आहे का ते बघा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. गाडी जॅकवरून खाली आली की टायर आत ओढलेल्या अवस्थेत जमिनीला टेकतात. गाडीच्या वजनाने त्यांना बाहेर सरकायचे असते, पण रबराची जमिनीवरची पकड त्यांना सरकू देत नाही. म्हणून गाडी खोटी उंच दिसते. टेप हातात घेण्याआधी गाडी काही मीटर पुढे-मागे ढकला, प्रत्येक कोपरा दोन-चार वेळा दाबून सोडा, आणि जवळपास एक फेरी मारून या. स्टिअरिंग सरळ, हँडब्रेक सोडलेला, डिकी रिकामी, पेट्रोल निम्म्याच्या आसपास, आणि चारही टायरमध्ये सारखी हवा. एनएसाठी कंपनीने सांगितलेला दाब २६ पीएसआय आहे.

जमिनीपासून मोजू नका. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. मग टायर नवा की झिजलेला, मोठा की छोटा, याचा प्रश्नच राहत नाही. जमीन सपाट आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. गॅरेजच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी असेल तर उत्तमच. नसेल तर सोपा उपाय: मोजून झाल्यावर गाडी उलट तोंडाने त्याच जागी उभी करा आणि पुन्हा मोजा. फरक गाडीसोबत फिरला तर तो गाडीचा, जागेवरच राहिला तर फरशीचा.

डाव्या-उजव्या बाजूंत ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो. इतक्या वयाच्या गाडीला तेवढे चालायचेच, शिवाय एकट्या चालकाच्या वजनानेही ती किंचित कलते. १० मिलिमीटरच्या वर गेला तर कारण शोधायलाच हवे. पण त्याआधी दारांखालच्या पत्र्याच्या शिवणीपासूनही एकदा मोजा. जुन्या अपघातात मडगार्ड बदललेले असेल तर त्याची कडच वरखाली असते, आणि दोष नसलेल्या सस्पेन्शनमागे महिना जातो.

बुशातला पीळ

आता मुख्य गोष्ट. या गाडीच्या आर्ममध्ये जे मूळ बुश आहेत, त्यांत बाहेर एक लोखंडी कडे, आत एक लोखंडी नळी, आणि दोघांना चिकटवलेले मधले रबर अशी रचना असते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते. ती फिरत नाही. चाक वरखाली होताना आर्म फिरतो तो त्या रबराला पीळ घालून. म्हणजे प्रत्येक बुश ही स्वतःच एक छोटी स्प्रिंग आहे, आणि तिची निवांत जागा बोल्ट आवळला त्या क्षणी ठरते.

अंदाज यावा म्हणून हिशेब करू. आर्मची लांबी ३०० मिलिमीटर धरा. गाडी जॅकवर असताना चाक नेहमीच्या जागेपेक्षा १०० मिलिमीटर खाली लोंबते असे समजा. तर आर्म जवळजवळ १९ अंश फिरलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळून गाडी खाली सोडली की उभ्या गाडीतही रबर १९ अंश पिळलेले राहते. त्याला उलगडायचे असते, म्हणून ते आर्मला खाली ढकलते आणि गाडीला वर उचलून धरते. ‘चारही कोपरे नको इतके उंच’ ही तक्रार बहुधा इथून येते. पुढे काही आठवड्यांत गाडी आपोआप खाली येऊ लागते आणि मालकाला वाटते, स्प्रिंगा बसल्या. स्प्रिंगा थोड्या बसतात हे खरे. पण बऱ्याचदा आत रबर फाटायला लागलेले असते.

दुसरी बाजू फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी खाली घेतली होती तेव्हा कुणीतरी काळजीपूर्वक, चाकांवर वजन ठेवून, सगळे बोल्ट आवळले होते. काम अगदी बरोबर होते. म्हणजे रबराची निवांत जागा आता त्या खालच्या उंचीला आहे. तुम्ही मूळ स्प्रिंगा घातल्या, त्यांनी गाडी ३० मिलिमीटर वर नेली, आणि प्रत्येक बुश तिला पुन्हा खाली ओढू लागला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे हे: स्प्रिंगा गेल्या, त्यांची उंची बुशात राहिली. नव्या मूळ स्प्रिंगा घालूनही गाडी खालीच असेल तर मी पहिला संशय यावर घेतो.

तिसरा प्रकार डाव्या-उजव्या फरकाचा. एका बाजूचा आर्म कधीतरी बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) बदलण्यासाठी काढला गेला, लोंबत्या स्थितीत आवळला गेला, दुसऱ्या बाजूला कुणी हात लावला नाही. दोन्ही स्प्रिंगा सारख्या, तरी गाडी तिरकी. अशा वेळी स्प्रिंगा डाव्या-उजव्या अदलून बघा. कल त्याच बाजूला राहिला तर स्प्रिंगा निर्दोष आहेत.

बुश पॉलियुरेथेनचे बसवलेले असतील तर हा सगळा भाग सोडून द्या. त्यांत नळी मोकळी फिरते, पीळ साठत नाही. त्यांची तक्रार वेगळी असते: ग्रीस सुकले की करकर.

पीळ काढण्याची पद्धत

करायचे एवढेच: आर्मचे शरीराकडचे सगळे बोल्ट आणि शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट सैल करायचा, गाडी हवी त्या उंचीला आणायची, आणि तिथेच आवळायचे. वरचे आर्मही यात येतात. लोक खालच्या आर्मवर थांबतात आणि अर्धा पीळ तसाच राहतो.

सर्वांत बरी जागा म्हणजे ज्यावर गाडी चाकांवर उभी राहते अशी चार खांबी लिफ्ट किंवा पिट. ते नसेल तर चारही चाकांखाली जाड लाकडी ठोकळे किंवा रॅम्प. घरी एकेक कोपरा करायचा असेल तर आणखी एक सोय आहे. बुशाला वजनाशी देणेघेणे नाही, त्याला फक्त अंतर कळते. म्हणून स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर काढलेले असतानाच, अँटी-रोल बारची (वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या, डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) लिंक सोडवून, आर्म जॅकने अलगद वर उचला. चाकाचा मध्य ते मडगार्डची कड हे अंतर तुमच्या ठरलेल्या आकड्याला आले की बोल्ट आवळा. स्प्रिंग जागेवर असताना हाच प्रकार करू गेलात तर ही हलकी गाडी स्टँडवरून उचलली जाते, म्हणून तसे करू नका. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये. स्प्रिंग दाबायचे कॉम्प्रेसरही चांगल्या स्थितीतलेच घ्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.

आवळण्याचे आकडे तुमच्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, कारण पुढच्या-मागच्या बोल्टांचे आकडे वेगळे आहेत. चाकाच्या नटांचा मात्र सांगून ठेवतो: ८८ ते ११८ न्यूटन-मीटर.

आता खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टांबद्दल, कारण तिथे खरा घाम निघतो. हे बोल्ट साधे नाहीत. त्यांच्यावर विकेंद्री चकत्या (भोक मध्यापासून बाजूला असलेल्या) असतात, आणि त्या फिरवूनच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, होते: पुढे कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), मागे कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाकाचे तोंड आत की बाहेर). सैल करण्याआधी चकतीच्या रेघेसमोर ब्रॅकेटवर रंगाची खूण करा. म्हणजे निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ जाईल.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तिथल्या गाड्यांत हे बोल्ट बुशाच्या नळीला गंजून एकजीव झालेले असतात. नट सुटतो, बोल्ट हलत नाही. अशा बोल्टाचा नट सैल करून काही उपयोग नाही. नळी मोकळी होत नाही, पीळ निघत नाही, आणि चकती फिरत नसल्याने अलाइनमेंटही होत नाही. आत शिरणारे तेल आठवडाभर रोज मारून बघावे. उष्णता दिली तर बोल्ट सुटतो पण रबर जळते, म्हणून नवे बुश हाताशी असतील तरच. शेवटचा मार्ग म्हणजे बुशाच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापणे आणि नवे बोल्ट, चकत्या, बुश घालणे. मागच्या खालच्या आर्मचा चाकाकडचा लांब बोल्ट यातला सर्वांत हट्टी. त्याला हातोड्याने ठोकत बसू नका, आट्यांचे टोक पसरते आणि मग तो कुठूनच निघत नाही. नवे बोल्ट घालताना आट्यांना नाही, पण नळीत शिरणाऱ्या भागाला तांब्याचे ग्रीस लावा. पुढच्या वेळी तुम्हीच दुवा द्याल.

पीळ काढूनही फरक राहिला तर

मग स्प्रिंगांकडे वळायचे. वापरलेल्या ‘मूळ’ स्प्रिंगा चारही एकाच गाडीच्या आहेत याची खात्री कुणी देत नाही. कंपनी त्यांच्यावर रंगाचे ठिपके देते, पण इतक्या वर्षांत ते उडालेले असतात. तारेची जाडी व्हर्नियरने मोजा, वेटोळी मोजा, मोकळी लांबी मोजा. पुढच्या दोन एकमेकींसारख्या आणि मागच्या दोन एकमेकींसारख्या असायला हव्यात. पुढच्या-मागच्या वेगळ्याच असतात, त्यांची अदलाबदल झालेली नाही ना तेही पाहा. एखादीचे टोक करवतीने कापलेले दिसले तर ती भंगारात टाका.

स्प्रिंगेचे टोक खालच्या बशीतल्या (शॉकॲब्सॉर्बरवर स्प्रिंग जिच्यावर बसते ती) पायरीला टेकलेले हवे, वरची रबरी चकती जागेवर हवी. खाली घेताना ती चकती काढून टाकणारे बरेच असतात आणि परत घालायला ती कुणाकडेच नसते. शॉकॲब्सॉर्बर मूळचे नसून दुसऱ्या कंपनीचे असतील तर बशीही तपासा. कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकॲब्सॉर्बरवर बशी अडवणाऱ्या कड्यासाठी एकाहून अधिक खाचा असतात. कडे खालच्या खाचेत असेल तर मूळ स्प्रिंगही गाडी खालीच ठेवणार.

अँटी-रोल बारची परीक्षा सोपी आहे. सपाट जागेवर दोन्ही लिंक सोडवा, गाडी दाबून सोडा, पुन्हा मोजा. कल नाहीसा झाला तर लिंकची लांबी कमीजास्त आहे आणि बार एका बाजूला सतत ढकलतो आहे. लांबी बदलता येणाऱ्या लिंक असलेल्या गाड्यांत हे हमखास आढळते.

उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा एकत्र संच) असतील आणि तुम्ही ते वर नेऊन कंपनीची उंची गाठत असाल, तर एकच कोपरा फिरवून तिरकेपणा घालवायचा मोह टाळा. एक कोपरा वर नेला की त्याच्यावरचे आणि कर्णातल्या समोरच्या चाकावरचे वजन वाढते, उरलेल्या दोघांवरचे कमी होते. टेप सरळ आकडे दाखवतो, पण ब्रेक मारल्यावर हलके पडलेले चाक आधी लॉक होते. पीळ काढून झाल्याशिवाय कॉइलओव्हरच्या कड्यांना हातच लावू नये, या मताचा मी आहे.

आपटणे थांबत नसेल तर

या गाडीत चाकाला वर जायला जागा मुळातच कमी आहे. बंप स्टॉप (चाक पार वर गेले की धक्का झेलणारा मऊ ठोकळा) हा तिच्या नेहमीच्या चालीचाच भाग आहे, वळणावर गाडी त्याच्यावर रेलते. खाली घेताना म्हणून तो कापून आखूड करतात. मूळ उंचीला परतताना नवे, पूर्ण लांबीचे बंप स्टॉप घाला. कापलेल्या तुकड्यांवर गाडी शॉकॲब्सॉर्बरच्या तळाला जाऊन आदळते आणि आतला व्हॉल्व्ह खराब होतो. एनएवर एनबीचे वरचे माउंट (शॉकॲब्सॉर्बर गाडीच्या शरीराला जोडणारे) बसवलेले असतील तर ते मात्र काढू नका. ते थोडी जास्त हालचाल देतात, मूळ उंचीलाही त्याचा फायदाच आहे. मूळपणा जपणाऱ्यांना हे पटणार नाही. विकताना जुने माउंट डब्यात घालून द्यावेत.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी

उंची बदलली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. खालच्या उंचीला लावलेले आकडे वरच्या उंचीला चालत नाहीत, आणि टायरची कड खाणारा खरा गुन्हेगार बहुधा टोच असतो. पण घाईने पहिल्याच दिवशी दुकानात जाऊ नका. दोनएकशे किलोमीटर चालवा, उंची पुन्हा मोजा, ती थांबली की मग जा. चालकाच्या आसनावर तुमच्या वजनाइतकी पोती किंवा पाण्याचे कॅन ठेवून अलाइनमेंट करायला सांगा. माणसे कुरकुर करतात, पण दोन आसनी हलक्या गाडीत तो फरक पडतो.

अलाइनमेंट चाके प्लेटवर टेकलेली असताना होते आणि त्यासाठी विकेंद्री बोल्ट सैल करावेच लागतात. म्हणजे खालच्या आर्मचा पीळ तिथे आपोआप निघतो. त्यामुळे काही गाड्या अलाइनमेंटनंतर अचानक काही मिलिमीटर वरखाली होतात, आणि दुकानाने काहीतरी बिघडवले असे वाटते. बिघडवलेले नसते. वरच्या आर्मला तिथे कुणी हात लावत नाही, ते काम आपणच आधी करून जायचे.

पुण्या-नाशकातल्या ज्यांनी आपली हॅचबॅक खाली घेतली आणि स्पीडब्रेकरवर पोट घासून कंटाळले, त्यांच्यासाठी एक सांगतो. त्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो (वरच्या आर्मऐवजी शॉकॲब्सॉर्बरच चाक धरतो), दुहेरी विशबोन नसते, पण खालच्या आर्मचा बुश हाच आणि त्याचा पीळही हाच. रस्त्याकडेच्या गॅरेजात गाडी जॅकवर असतानाच बोल्ट इम्पॅक्ट गनने आवळले जातात. तिथे उभे राहून ‘भाऊ, हे बोल्ट आत्ता नुसते लावून ठेवा, चाके जमिनीवर आल्यावर आवळू’ एवढे म्हणायचे. भारतात मूळ उंचीला परतण्याला कायद्याचेही कारण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते.

ब्रिटनमध्ये विमा कंपनीला बदल कळवावे लागतात, आणि बदल काढले तर तेही कळवा. गाडी वर आली की दिव्यांचा झोत हलतो, विशेषतः पुढचे आणि मागचे टोक सारखे उचलले गेले नाही तर. वार्षिक एमओटी तपासणीत झोताची दिशा बघतात. अलाइनमेंट उरकून गाडी घरी आली की त्याच संध्याकाळी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून दिव्यांचे स्क्रू जुळवून घ्या.